एका टबात धुतलेल्या गोट्या

"ही नाही," कवळीवाले म्हणाले.

"हीच," ताई म्हणाली.

"अगं, ही निळी आहे."

"मग? निळीच होती."

कवळीवाल्यांनी डबी खिडकीशी नेली. कवळी ठेवायची प्लॅस्टिकची डबी होती ती, झाकणाची बिजागरी सैल झालेली. आत कापसावर एक काचेची गोटी. उजेडात धरली तरी निळी, अंगाच्या सावलीत धरली तरी निळी. डोळे वटारून बघितलं, तरी ती काही घाबरून रंग बदलेना.

या डबीत त्यांच्या धाकट्या भावाची गोटी असायची. मधाच्या रंगाची. भाऊ जाऊन एक पिढी उलटली होती, त्याची म्हणावी अशी एवढी एकच वस्तू घरात उरली होती, आणि आज संध्याकाळी भावाची मुलगी ती न्यायला येणार होती. तिनं बापाला पाहिलेलं नव्हतं. काका-आत्यालाही पाहिलेलं नव्हतं. फोनवर म्हणाली होती, "मला बाकी काही नको. त्यांच्या हातातली एखादी वस्तू असली तर..." आणि कवळीवाले छाती काढून म्हणाले होते, "आहे. ये तू."

एवढंच असतं तर सोपं होतं. गोटी बदलली, शोधा, द्या, चहा प्या. पण गेल्याच आठवड्यात कवळीवाल्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. पट्टी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "रंग बदललेले वाटतील हं. पांढरं फार पांढरं दिसेल, निळं फार निळं. घाबरू नका. इतकी वर्षं तुम्ही पिवळ्या काचेतून बघत होतात." कवळीवाले घाबरले नाहीत. घरी येऊन त्यांनी आधी भिंत पाहिली, मग ताईचे केस पाहिले आणि म्हणाले, "तू म्हातारी कधी झालीस?" त्यावर ताईनं त्या दिवशी त्यांना चहा दिला नव्हता.

तेव्हा प्रश्न असा होता: बदललं काय? गोटी, की डोळा?

डावा डोळा

त्यांनी उजव्यावर तळहात ठेवला. डाव्यातला मोतीबिंदू अजून जागच्या जागी होता, त्याची तारीख पुढच्या महिन्यातली. डाव्यानं बघताच भिंतीवर साय धरली. उजेड जुना झाला. ताई जरा तरुण झाली. गोटी मात्र हिरवट झाली, शेवाळासारखी. मध नव्हेच.

"डोळा झाकून काय बघतोस? नेम धरतोयस माझ्यावर?"

"ताई, खरं सांग. या डबीला हात लावलास?"

"लावला. डबीला लावला, खणाला लावला. तू दवाखान्यात होतास ना, म्हटलं नवा डोळा येतोय घरात, त्याला जुनी धूळ कशाला दाखवायची. धुऊन काढल्या."

"धुतल्या." कवळीवाले खाली बसले. "कुठल्या धुतल्या?"

"तुमच्या लहानपणाच्या खणातल्या सगळ्या आणि ही डबीतली. बाकीच्या कपाटाला तुझं कुलूप."

"वेगवेगळ्या धुतल्यास ना?"

ताईनं त्यांच्याकडे असं बघितलं, की काय विचारतोय हा माणूस. "भाऊ, तुझे सदरे आणि माझे टॉवेल तरी वेगवेगळे धुते का मी? एका टबात."

आता ही दोघं कोण, ते सांगून टाकू, म्हणजे मोकळं होता येईल. कवळीवाले म्हणजे कवळ्या बनवणारे. दातांचे डॉक्टर तोंडांचे ठसे पाठवायचे, हे त्यावरून दात करून द्यायचे. उभी हयात पुढच्या खोलीत मेण, प्लास्टर आणि घासायच्या यंत्राच्या घरघरीत गेली. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "मला समोरच्याचे दात दिसतात, माणूस दिसायचा राहून जातो." मोठी बहीण नवरा गेल्यावर इथं राहायला आली, ती ताई. आणि मागच्या खोलीत, भिंतभर, गोट्या.

नव्या नव्हेत. जुन्या, काचेच्या, हातानं वळलेल्या, नाहीतर पहिल्यावहिल्या यंत्रांतून निघालेल्या. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या शिवणाच्या डब्यात बटणांखाली सापडलेल्या. लोक त्या रुमालात बांधून आणत आणि कवळीवाल्यांपुढे सोडत. कवळीवाले गोटी डोळ्यांनी बघायच्या आधी अंगठ्यानं बघत. हातानं केलेली गोटी काचेच्या गरम कांडीवरून कापून घेतात, कापल्या जागी एक खरखरीत ठिपका राहतो. ते त्याला बेंबी म्हणत. "बेंबी आहे हिला. म्हणजे बाळंतपण झालंय, कारखाना नाही." मग आतले बुडबुडे, मग रंगाचा पीळ, मग कधीतरी आपटल्याची चंद्रकोर. मग निकाल. आणि निकालाला जोडलेलं एक ठरीव वाक्य: "घासू नका. घासलेल्या गोटीला ओळख राहत नाही."

हे वाक्य ते कुठे शिकले, हे ताईला माहीत होतं. पण ताई ते लोकांसमोर काढत नसे.

भिंगऱ्या

भावाला सगळे भिंगऱ्या म्हणत. कारण उघड होतं, एका जागी टिकत नसे. तिघांत धाकटा. जेवताना उभा, झोपेत आडवातिडवा, शाळेत बाकाखाली. मोठा झाल्यावर दूर कुठल्याशा धरणाच्या कामावर जायला निघाला, तेव्हा दारात खिसे उलटे करून दाखवले, "बघा, तुमचं काही नेत नाही." खिशातून ही गोटी पडली. कवळीवाल्यांनी उचलून पुढे केली तर म्हणाला, "राहू दे. ओझं नको." धरणावरच त्यानं लग्न केलं, पत्रानं कळवलं, आणि मुलगी व्हायच्या आधी तिथेच गेला. बायको लहानगीला घेऊन माहेरी गेली, तिथून पुढे कुठे गेली ते कळलं नाही. पत्रं परत आली. माणूस एवढ्यात संपला. राहिली गोटी.

आणि कवळीवाल्यांनी काय केलं? तेव्हा ते नुकते दात घासून चमकवायचं काम शिकत होते. यंत्र नवं, हात नवा, हौस दांडगी. भिंगऱ्या सुट्टीवर येईल तेव्हा त्याला चकचकीत दिसाव्यात म्हणून त्यांनी त्याची ती गोटी आणि दोघांच्या लहानपणीच्या झाडून सगळ्या गोट्या प्यूमिसची, म्हणजे घासायच्या दगडाची, पूड लावून चाकावर धरल्या. आरशासारख्या झाल्या. बेंब्या गेल्या. चंद्रकोरी गेल्या. फरशीवर, दगडावर, एकमेकींवर आपटून पडलेले सगळे ओरखडे गेले. तेव्हा त्यांना गोट्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं.

म्हणून आज अंगठ्याचा काही उपयोग नव्हता. अंगठ्याला सगळ्या सारख्या. ओळखायला उरला होता फक्त रंग.

"मधाच्या रंगाची होती," ते म्हणाले.

"निळी. मोठी आहे मी तुझ्याहून. तुझं नाक मी पुसत होते, तेव्हाचं आठवतं मला."

"अगं, मी ती रोज बघतो!"

"बघतोस रे. पण कशानं?"

उजवा डोळा

खण टेबलावर पालथा केला. धुतलेल्या गोट्या टकटक करत इकडेतिकडे धावल्या आणि थांबल्या. कवळीवाल्यांनी प्लास्टरचा एक खालच्या जबड्याचा साचा घेतला, दातांच्या खळग्यांत एकेक उमेदवार बसवायला.

डाव्या डोळ्यानं बघितलं, तर मधाच्या रंगाच्या तीन निघाल्या. तीनही हुबेहूब. तीनही भिंगऱ्याच्या.

उजव्या डोळ्यानं बघितलं, तर मधाच्या रंगाची एकही नव्हती. पहिली कोऱ्या चहासारखी. दुसरी लिंबाच्या सालीसारखी. तिसरी पाण्यासारखी, तळाशी कुठे पिवळं असलंच तर.

दोन्ही डोळ्यांनी बघितलं तर डोकं दुखू लागलं.

त्यांनी शांतपणे विचार करायचा ठरवलं. शांतपणे विचार केला की गोंधळ नीट दिसतो. तर: लहानपणी आपले डोळे स्वच्छ होते. लहानपणी ती मधासारखी दिसत असेल, तर ती चहावाली असणार. चहा आणि मध, फार लांब नाहीत. पण लहानपणी ती मधासारखी दिसत होती, हे आपल्याला कुणी सांगितलं? आपणच. कधी? गेली कित्येक वर्षं रोज. कुठल्या डोळ्यांनी? पिवळ्या. मग ती लिंबूवाली असेल, नाहीतर पाण्यासारखी. दोघींनाही मोतीबिंदूनं मध चोपडला असेल. रोज बघून बघून आपण आठवणीलाच रंग दिला असेल. भिंत रंगवतात तसा. एका हातावर दुसरा हात.

आणि ताई म्हणते निळी. ताईचे डोळे? ताईचे डोळे तपासलेच नव्हते. ती सुईत दोरा कवळीवाल्यांकडून ओवून घेते.

"दे एखादी," ताई दारातून म्हणाली. कप पुसता पुसता म्हणाली, म्हणजे विचार करून म्हणाली. "लेकराला काय कळणार आहे?"

"तिला नाही कळणार."

"मग?"

"मला कळेल."

"तुलाही कळत नाहीये, तोच तर घोळ आहे ना!"

कवळीवाल्यांनी साचा उचलला. खालचा जबडा, त्यात तीन गोट्या. कुणीतरी तीनच दातांनी हसत होतं.

शिंप्याचा फोन

गोट्या जमवणाऱ्यांत कवळीवाल्यांचा जोडीदार एक शिंपी होता. वर्षानुवर्षं तो यांना विचारत आला, यांनी त्याला कधी काही विचारलं नव्हतं. आज फोन लावला.

"बोला गुरुजी," शिंपी म्हणाला. मागे शिवणयंत्र चालू होतं, ते थांबलं.

"एक जण आलाय माझ्याकडे. त्याच्या भावाची गोटी आहे, ती इतर गोट्यांत मिसळली. तीन-चारांतली एक. त्याला नेमकी हवीय."

"बेंबी?"

"नाही."

"यंत्राची आहे?"

"हातची आहे. घासलेली."

"अरेरे. कुणी घासली?"

"त्यानंच."

"मग शंख करायला सांगा त्याला," शिंपी हसला. "घासलेल्या गोटीला ओळख राहत नाही. तुमचंच वाक्य ना हे? मी तर गिऱ्हाइकांनाही ऐकवतो. बुडबुडे बघितले का?"

"सगळ्यांत आहेत."

"काय रंगाची म्हणतो तो?"

कवळीवाल्यांनी उजवा डोळा झाकला, मग डावा.

"गुरुजी?"

"रंगाबद्दल त्याचं नक्की नाही."

"मग भाऊ तरी होता का विचारा एकदा," शिंपी म्हणाला आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन पुन्हा यंत्र चालवू लागला. त्याचा काय दोष. त्याला काय ठाऊक.

कवळीवाल्यांनी फोन ठेवला. थेंब घालायची वेळ टळून गेली होती, ताईनं त्यांचं डोकं मागे धरून उजव्या डोळ्यात थेंब सोडला. सगळं विरघळलं. खोली, साचा, ताईचा वाकलेला चेहरा, सगळं एकाच पाण्यात. तेवढा वेळ बरं वाटलं.

मुलगी

ती आली ती मोठ्यानं हॉर्न वाजवतच. शाळेची गाडी चालवायची. पोरं घरोघर सोडून तशीच इकडे आली होती. मुलगी म्हणायचं, पण चाळिशी गाठलेली बाई, हातात किल्ल्यांचा जुडगा, दारात उभी राहून म्हणाली, "गाडी तिथं चालेल ना? मागे एक डबा राहिलाय कुणाचा तरी, वास आला तर माझा नाही."

ताई आधी हसली, मग रडली, मग "ये गं बाई, ये" म्हणाली. तीनही एका श्वासात.

कवळीवाले उठून उभे राहिले. काय बोलावं सुचेना, तेव्हा त्यांनी तिचे दात बघितले. पुढचे दोन जरा एकमेकांवर चढलेले. भिंगऱ्याचे तसे होते. होते ना? त्यांनी उजवा डोळा मिटला. डाव्या, सायीच्या उजेडात ती हनुवटी, ते कान, सगळं भिंगऱ्याचंच वाटलं. मग डावा मिटून उजवा उघडला. एक दमलेली, अनोळखी बाई सोफ्याच्या कडेवर बसली होती.

"काका, डोळ्यात काही गेलंय का?"

"नाही. निघालंय."

ती हसली. तिला ते समजलं नाही, तरी हसली. त्या हसण्यानं पुन्हा घोळ केला.

चहा झाला. तिनं सांगितलं: आई गेल्या वर्षी गेली. आईनं बाबांबद्दल कधी काही सांगितलं नाही. वाईट नाही, चांगलं नाही, काहीच नाही. "विचारलं की भांडी घासायला लागायची. आमच्या घरात भांडी फार स्वच्छ असायची." आईच्या पेटीत एक जुनं पाकीट निघालं, त्यावर मागे इथला पत्ता होता, त्यावरून तिनं फोन नंबर शोधून काढला. "म्हटलं, बघू. फार तर कुणी उचलणार नाही."

"भिंगऱ्या म्हणायचो त्याला," ताई म्हणाली.

"काय?"

"भिंगऱ्या. तुझ्या बापाला."

"भिंगऱ्या!" ती केवढ्यानं तरी हसली. "आणि मी पोरांना सांगते, गाडीत जागेवर बसा म्हणून!"

करडा

फोटो एकच होता. ताईनं तो आतून आणला. लहान भिंगऱ्या, चड्डी घसरलेली, एक डोळा मिटून दुसऱ्या डोळ्यापुढे गोटी धरलेला. गोटीतून फोटो काढणाऱ्याकडे बघतोय. म्हणजे आत्ता या तिघांकडे.

तिनं तो दोन्ही हातांत घेतला. मग म्हणाली, "ही ती गोटी?"

"हीच," ताई म्हणाली.

"हीच," कवळीवाले म्हणाले.

या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं. पण फोटो काळा-पांढरा होता. गोटी करडी होती, वर उजेडाचं एक पांढरं टिंब. कवळीवाल्यांनी भिंग लावून पाहिलं. निळी असती तरी करडी दिसली असती. चहाची असती तरी करडीच. मध काय, करड्याला सगळं पचतं.

"बघ, गडद आहे. निळीच," ताई म्हणाली.

"चहाही गडदच असतो."

"आत्या, काय चाललंय?"

ताईनं डबी तिच्यापुढे ठेवली. "ही घे. तुझ्या बाबांची."

"नाही," कवळीवाले म्हणाले.

"भाऊ!"

"ती नाहीये, ताई. असं कसं देऊ तिला?"

"मग तू सांग कुठली ती! सकाळपासून जबड्यात गोट्या भरून बसलायस!"

ती एकदा हिच्याकडे, एकदा यांच्याकडे बघत होती. हातात फोटो. तिला वाटलं असेल, कुठल्या वेड्यांच्या घरात आलो. कवळीवाल्यांनी साचा पुढे ओढला. तिथल्या तीन, डबीतली एक. निकाल द्यायची ही रोजचीच जागा होती, हेच टेबल, हाच दिवा. समोरचा माणूस असाच ओठ आवळून बसलेला असे. ते खाकरले.

"यातली कुठली, मला माहीत नाही."

हे वाक्य त्यांनी या टेबलावर कधी उच्चारलं नव्हतं. पुढचं मग आपोआप आलं. "खुणा होत्या. मी घासल्या. चाकावर धरून सगळ्या चकचकीत केल्या."

"का?"

"तो आला की त्याला आवडाव्यात म्हणून."

ताई उगाच कप गोळा करू लागली. मुलीनं एकदम विचारलं, "ते खेळायचे कसे?"

"कसे म्हणजे? असे." ताईनं कप ठेवून डाव्या हाताचं मधलं बोट मागे ताणलं. "डाव्या हातानं. नेम असा, की..."

"उजव्या," कवळीवाले म्हणाले.

"डावखुरा होता तो!"

"डावखुरा मी होतो, ताई. शाळेत मार खाऊन उजवा झालो. तो उजवाच होता."

"तू?" ताईनं बोट तसंच ताणून धरलं होतं. ती त्या बोटाकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा ठामपणा कुठेतरी घरंगळला. "मग तो... तो फोटोत कुठल्या हातात धरलीय?"

तिघांनी फोटोवर डोकी घातली. दोन्ही हातांत धरली होती.

मग तिघं हसली. ताईला तर उचकी लागली. हसता हसता कवळीवाल्यांच्या ध्यानात आलं, की गोटी राहिली बाजूला, आता हातही गेला. अशानं उद्या काय जाईल.

मूठ

"काका," ती म्हणाली, "खणातल्या या सगळ्या गोट्या तुम्ही दोघं एकत्रच खेळायचात ना?"

"हो. माझं-तुझं भांडणापुरतं."

"म्हणजे सगळ्याच त्यांच्या हातातून गेल्यात."

"गेल्यात. पण त्याची एकच..."

"मला एक हवीय. त्यांची एकच, असं म्हटलं होतं का मी? त्यांच्या हातातली म्हटलं होतं." ती उठली. टेबलावरच्या सगळ्या गोट्या तिनं खणात लोटल्या, साच्यातल्या तीनही टाकल्या. डबीतली निळी टाकली. कवळीवाल्यांचा हात तिला अडवायला अर्धा उठला आणि तसाच राहिला. तिनं खण गाडीत पोरांना बसवते तशा झोकात दोन्ही हातांनी हलवला, गोट्यांचा मोठा आवाज झाला. मग तोंड दुसरीकडे फिरवून तिनं आत हात घातला.

बराच वेळ तिचा हात आत फिरत होता. तिचे डोळे भिंतीवर होते, पण ती भिंत बघत नव्हती.

मूठ बाहेर आली, मिटलेली. थेट खिशात गेली.

"बघ तरी," ताई म्हणाली.

"घरी जाऊन बघीन. नाहीतर तुम्ही दोघं भांडाल."

"आम्हाला सांगशील ना, कुठली लागली हाताला?"

तिनं जरा विचार केला. "नाही," ती म्हणाली. मग काकांच्या पाया पडावं की गळ्यात पडावं, या घोळात तिनं त्यांचा हात धरून जोरात हलवला. "तुम्ही दुसऱ्या डोळ्याचं करून घ्या हं. मी नेईन तुम्हाला. पोरांना सोडलं की गाडी रिकामीच असते." फोटोचा फोटो तिनं फोनमध्ये काढला होता, मूळ फोटो ताईच्या हातात परत दिला, आणि किल्ल्या वाजवत गेली.

दोन्ही

ताई खणावर वाकली. "कुठली गेली बघू या. चारांतली तर नाही ना गेली? निळी... थांब..."

कवळीवाल्यांनी खण लावून टाकला.

"अरे, बघायचं नाही?"

"नको."

"इतका जीव टाकत होतास सकाळपासून."

"टाकत होतो. आता बघितली आणि चारही आतच असल्या, तर? आणि एखादी नसली, तर?" त्यांनी दोन्ही डोळे चोळायला हात उचलला, मग थेंब आठवला आणि हात खाली घेतला. आता भिंगऱ्याची गोटी या घरात होती किंवा नव्हती. दोन्ही खरं होतं. त्यांना वाटलं, हे असंच आधीही होतं. फक्त डबीचं झाकण लागलेलं होतं.

ताई फोटो पुसत होती. धूळ नव्हती, तरी पुसत होती. "पोर गोड आहे. निळा स्वेटर किती शोभत होता तिला."

"निळा?"

"मग? निळाच होता."

"ताई, हिरवा होता. चांगला गर्द हिरवा."

"आत्ता इथं बसली होती रे, तुझ्यासमोर!"

"म्हणूनच सांगतो ना!"

खाली गाडीचं दार आपटलं. ताई आधी उठली, मग कवळीवाले. खिडकीशी एकाच वेळी पोचायला गेली आणि खांद्याला खांदा लागला. गाडी सुरू होऊन वळणापर्यंत गेली होती. तिथं ती थांबली. काच खाली झाली, ती अर्धी बाहेर वाकली आणि तिनं हात हलवला. केवढा तरी वेळ, शाळेतल्या पोरासारखा.

दोघांनी हात हलवले. ताईनं फोटो धरलेलाच हात हलवला.

गाडी वळून दिसेनाशी झाली. हात हळूहळू खाली आले. हात हलवण्याच्या नादात एक डोळा झाकायचं कवळीवाल्यांना सुचलं नव्हतं, आणि स्वेटर बघायचं ताईला.